लाल फडक्यातली पोथी

निवृत्त झाले की मी लिहिणार आहे, हे मी तिशीपासून सांगत आले. वेल्ह्याच्या शाळेतल्या सोबतिणींना सांगितलं, साहेब तपासणीला आले तर त्यांना सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांनाही सोडलं नाही. मग आत्ताच का लिहीत नाही, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असे, "अहो, नोकरीत सवड कुठली?" फार सोयीचं उत्तर होतं ते. पुढे एके दिवशी शाल आणि नारळ मिळाला, शाळेच्या व्हरांड्यात फोटो निघाला, आणि ते उत्तर माझ्याबरोबरच निवृत्त झालं.

लिहायचं काय, तेही ठरलेलं होतं. माझं सासर हिर्डोशीच्या पुढे, वरंध घाटाकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत. नोकरी वेल्ह्याला. यजमान हायवेवरच्या कारखान्यात पाळ्या करायचे. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा तिला सांभाळायला वेल्ह्यात कुणी नव्हतं, म्हणून ती गावी माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे राहिली, पहिलीत जाईपर्यंत. मी शनिवारी शाळा सुटली की वेल्हे, नसरापूर, भोर आणि भोरहून हिर्डोशीची गाडी असं करत अंधार पडायला घरी पोचायची आणि सोमवारी पहाटे निघायची. दुसऱ्यांच्या पोरांना मी अ आ इ शिकवत होते तेव्हा माझं पोर आक्का वाढवत होत्या. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. त्यांना मी याबद्दल कधी दोन शब्द नीट बोलले नाही. आमच्याकडे घरातल्या घरात आभार मानले तर माणसं घाबरतात, याला काय झालं म्हणून. तेव्हा ते लिहायचं होतं. आक्कांना अक्षरओळख नाही, म्हणजे लिहूनही त्या वाचणार नव्हत्या, तरी लिहायचं होतं.

यजमान जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मी, आक्का आणि थोरले दीर. दीर दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार म्हशीशी.

मी कायमची गावी आले तेव्हा लेकीने भोरहून टेबल घेऊन दिलं, खणाचं, वर फिरती खुर्ची. टेम्पोतून उतरवायला अर्धी वाडी जमली. टेबल सोप्यात खिडकीशी लावलं, कारण तिथून धरणाचं पाणी दिसतं आणि पाणी बघितलं की सुचतं असं लेकीचं म्हणणं. मला पाणी बघितलं की पाणीच बघत बसावंसं वाटतं. चौथ्या दिवशी रस्त्याने जाणारे एकजण खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "बाई, डेपोला अर्ज लिवायचाय. सकाळची गाडी लई उशिरा येती."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. टेबल, खुर्ची, पेन, कागद आणि तोंड रस्त्याकडे, असं माणूस बसलं की ते अर्ज लिहायलाच बसलंय, हे भोरच्या कचेरीबाहेर उभं राहिलेल्या कुणालाही कळतं. मग रेशनकार्डावरच्या नावाचा अर्ज झाला, वाकलेल्या विजेच्या खांबाचा झाला, खांबाच्या अर्जाला उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र झालं. नियमित लेखन म्हणाल तर ते नियमित होतं. पहिल्या पानाचा मजकूर मात्र "मी वेल्ह्याला होते तेव्हा" याच्यापुढे सरकला नाही. त्यात टेबलाला घरच्यांनी आपलंसं केलं. आधी मोबाईलचा चार्जर आला, मग दिरांच्या गोळ्या, मग दुधाची किटली, आणि एका सकाळी पाहते तर माझ्या कागदांवर कुरडया.

मग मी माळ्यावर गेले. तिथे कांदे होते, पेंढा होता, उंदीर तर होतेच, आणि पत्र्यावरच्या पावसात स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नव्हता. तीन दिवसांनी खाली उतरले तेव्हा आक्का म्हणाल्या, "कांदं निवडून झालं का?"

हे ऐकून मला रडूच आलं. तसं रडण्यासारखं काही नव्हतं. पण माझं मलाच कळत होतं की, टेबल, माळा आणि पाऊस ही सगळी माझ्या जुन्या उत्तराची नवी भावंडं आहेत. आता नाही झालं तर कधीच होणार नाही. मी आक्कांना म्हटलं, "मला तासभर कुणी हाक मारणार नाही अशी जागा पाहिजे, बस."

आक्कांनी पीठ मळता मळता विचार केला आणि म्हणाल्या, "देवाच्या खोलीत बस की. दार हाय, कडी हाय."

आमच्या घरात आतल्या बाजूला दार असलेली ती एकच खोली. तेही मांजर नैवेद्याला तोंड लावतं म्हणून बसवलेलं. खोली कसली, दोन माणसं बसली की देवांना सरकून बसावं लागेल एवढी. पण मी दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तिथे पाट मांडला, पुढे चौरंग घेतला. शाळेतून उरलेले लांबोडे फुलस्केप कागद होते, ते सुटेच चौरंगावर ठेवले. एक लिहून झाला की उचलून पलीकडे पालथा घालायचा. समईची काजळी उडते म्हणून आक्कांनी त्यांना बांधायला एक लाल फडकं शिवून दिलं. आणि माझी एक खोड आहे. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातल्यामुळे वाक्य आधी तोंडाने म्हटल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

एका सकाळी शेजारीण विरजण मागायला आली. दार किलकिलं होतं. तिला काय दिसलं असेल ते बघा. सकाळची वेळ, समोर देव, समई लागलेली, पाटावर बसलेली न्हालेली बाई, चौरंगावर लाल फडकं, त्यावर लांब सुटी पानं, एक एक पान उचलून बाई पालथं घालतेय आणि ओठ हलतायत. तिने चपला मागे सरकवल्या आणि कुजबुजून विचारलं, "बाई पोथीला बसल्यात व्हय?"

आक्का चुलीशी होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय."

इथे आक्कांबद्दल एक सांगायला हवं. आक्का खोटं बोलत नाहीत. बांधावरून भांडण झालं तर दोन्हीकडची माणसं साक्षीला त्यांनाच बोलावतात. यात मोठेपणा किती आणि कंटाळा किती, कोण जाणे. त्यांचं म्हणणं, "खोटं बोललं की मग जन्मभर ध्येनात ठिवावं लागतं. कुनी सांगितलाय उद्योग?" त्यामुळे त्यांचं हे "व्हय" ऐकून आत माझं पेन थांबलं. शेजारीण गेल्यावर मी बाहेर येऊन विचारलं, तर म्हणाल्या, "तव्यावर भाकर व्हती. न्हाई म्हनले असते तर मंग काय लिवत्यात, कशापायी लिवत्यात, समदं सांगाया लागलं असतं. भाकर करपली असती."

दुपारपर्यंत वाडीभर झालं की, बाई पारायणाला बसल्या. आणि काय सांगू, माझ्या आयुष्यात अशी शांतता मी अनुभवली नव्हती. सकाळी साडेसात ते नऊ आमच्या दारावरून जाणारी माणसं आवाज खाली घेऊ लागली. मोबाईल मोठ्याने लावून गुरं नेणारा गडी वरच्या वाटेने जायला लागला. अर्जवाले दुपारनंतर यायचे आणि आधी खोकून विचारायचे, "आजचा अध्याय झाला का?" दीर तर सोप्यात पावलं न वाजवता चालू लागले, जरी मी आत काय करते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पोथीचे नियमही हळूहळू मला लागू झाले. पोथी रोज त्याच वेळेला, त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून वाचतात. अध्याय अर्धा टाकून उठत नाहीत. वाचल्यावर फडक्यात बांधून ठेवतात, दिवसभर उघडत नाहीत. मी एखाद्या दिवशी अळमटळम केली तर आक्का पाट मांडून म्हणायच्या, "बस बाई, खाडा करू ने. लोक काय म्हनतील?" लेकीने फोनवरून मला लिहिणाऱ्यांसाठी कसली कसली उपकरणं सुचवली होती. तिला मी म्हटलं, सगळी वाडी चपला काढून उभी राहिली की उपकरण लागत नाही. भाद्रपद गेला, घट बसले, उठले, आणि फडक्यातली पानं बोटभर जाड झाली.

मला आत कुठेतरी टोचत होतंच. देवासमोर बसून हे खोटं! आक्कांना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "देवाला ठावं न्हाई का तू काय करती ते? त्याच्या फुड्यातच बसून करती की." हे ऐकून शुद्धलेखन घालणारी बाई पुन्हा पाटावर जाऊन बसली.

पण मग वरच्या वस्तीवरच्या म्हातारीबाई आल्या. कमरेत वाकलेल्या, काठी टेकत चढउतार करून आलेल्या. पदरात शेरभर नाचणी बांधून आणली होती, ती त्यांनी देवखोलीच्या उंबऱ्याशी ठेवली. म्हणाल्या, "नातसुनेला दिवस गेल्यात. पयली दोन ऱ्हायली न्हाईत. वाचाया बसताना तिचं नाव घेत जा, पोरी. आन समाप्ती कवा हाय? म्या जेवाया येनार."

त्या काठी टेकत परत गेल्या. इतके दिवस गंमत होती. आता एका म्हातारीने डोंगर उतरून आपलं सगळ्यात नाजूक दुखणं माझ्या त्या फुलस्केप कागदांपाशी आणून ठेवलं होतं. मी आक्कांना म्हटलं, "मी उद्याच सगळ्यांना खरं सांगते." आणि पहिल्यांदाच आक्कांचा चेहरा उतरलेला पाहिला. "सांग," त्या म्हणाल्या. "फकस्त माझ्या तोंडून 'व्हय' गेलंया, तेवढं ध्येनात ठेव. पोथीचं खोटं बोलली म्हनतील. उद्या बांधावर मला कोन विचारनार?"

म्हणजे माझ्या तासाभराच्या शांततेसाठी आक्कांनी काय पणाला लावलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांचा शब्द. तोच एक त्यांनी जन्मभर कमावला होता.

पारायण म्हटलं की समाप्ती आली, समाप्ती म्हटलं की शेवटचा अध्याय मोठ्याने वाचणं आलं आणि मग जेवण. मळणी उरकली की करू, असं आक्कांनी लोकांना सांगितलं. मी रोज पाटावर बसले की आधी त्या नातसुनेचं नाव घ्यायची आणि मग लिहायची. दुसरं काय करणार?

मळणी उरकली. मी भोरला गेले आणि स्टँडजवळच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात खरीखुरी पोथी मागितली. दुकानदार म्हणाले, "कुठली देऊ?" मी म्हटलं, "लवकर संपणारी." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण दिली. येताना गाडीत ती मांडीवर घेऊन बसले आणि ठरवलं की समाप्तीला हिचा शेवटचा अध्याय वाचायचा, शिरा वाढायचा, आणि पुन्हा म्हणून असल्या भानगडीत पडायचं नाही. माझी पानं ट्रंकेत जातील. आक्कांचा शब्द राहील.

समाप्तीला पंचवीस-तीस बायका आल्या. दारात पुरुष. म्हातारीबाई सगळ्यांत पुढे भिंतीला टेकून. आक्का स्वयंपाकघराच्या दारात, हातात शिऱ्याचं उलथनं. देवखोलीचं दार सताड उघडून मी तोंड माणसांकडे करून बसले. चौरंगावर दोन गाठोडी होती, एक दुकानातल्या पोथीचं आणि एक लाल फडक्याचं. मी पोथी सोडली. अध्याय काढला. आणि म्हातारीबाईंनी हात जोडलेले दिसले.

माझ्याच्याने होईना. बत्तीस वर्षं मी मुलांना छडी दाखवून सांगत आले, नक्कल केली तरी चालेल पण खोटं बोलू नका. मी पोथी मिटून कपाळाला लावली आणि म्हटलं, "मी गेले चार महिने पोथी वाचत नव्हते. मी लिहीत होते. आमच्या घराचंच. आक्कांनी सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं. दोष द्यायचा तर मला द्या."

आक्का जमिनीकडे पाहत होत्या. मी म्हातारीबाईंना म्हटलं, "तुम्ही नाचणी ठेवलीत, आणि मी तुमच्यासाठी काही वाचलं नाही."

"नाव घ्येतलंस का तिचं?" त्यांनी विचारलं.

"रोज घेतलं."

"मंग झालं की." त्या भिंतीला आणखी आरामात टेकल्या. "वाच आता काय लिवलंस ते. चढ उतरून आलेय म्या, जेवनाला येळ हाय अजून."

मी लाल फडकं सोडलं. मी वाचलं की माझी मुलगी आक्कांना आई म्हणायची आणि मला, गावाचं ऐकून, बाई. शनिवारी मी दारात आले की ती आक्कांच्या लुगड्याआड जायची आणि सोमवारी मी निघाले की झोपेत असायची. बायका हसल्या, मग हसता हसता काहींनी डोळ्याला पदर लावला. आक्का तशाच उभ्या. मी पान उलटलं आणि वाचलं, "श्रावणातल्या एका शनिवारी आले तर पोर कोमेजलेली दिसली. मांडीवर घेतली तर वाळक्या काटकीसारखी हलकी. आक्का म्हणाल्या, खेळून दमलीय. त्या पावसाळ्यात माझ्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद लिहून तयार होता."

"खेळून न्हवं," आक्का म्हणाल्या.

मी मान वर केली.

"खेळून दमली न्हवती. ताप चढला व्हता तिला. तीन दिस. गाडी बंद, रस्त्यावर दरड. पाठीला बांधून खालच्या डाक्टरकडं चालत नेली, तिनी दिवस. शुक्रवारी उतरला ताप, आन दरडबी तवाच निघाली."

सगळं घर ऐकत होतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस," आक्का म्हणाल्या. "मंग म्या तीन दिस चालले कशापायी?"

अठ्ठावीस वर्षं. खोटं जन्मभर ध्यानात ठेवावं लागतं म्हणणाऱ्या बाईने ते अठ्ठावीस वर्षं ध्यानात ठेवलं होतं. मला वाटत होतं की चुलीपाशी भाकरी भाजताना बोलल्या ते त्यांचं पहिलं खोटं. ते दुसरं होतं. दोन्ही माझ्यासाठीच. मला पुढचं वाचता आलं नाही. मी तिथेच, देवांसमोर आणि सगळ्या वाडीसमोर, ओक्साबोक्शी रडले. आक्का म्हणाल्या, "शिरा लागंल खाली," आणि आत निघून गेल्या.

जेवणं झाली. आक्कांना कुणी काही बोललं नाही. जाताना शेजारीण तेवढी म्हणाली, "काकी, मला वाटलंच व्हतं. पोथी वाचताना मानूस मधीच खोडत न्हाई." लबाड! सगळं बघून चार महिने गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडूनच राहिले. समाप्ती झाली, आता कसली घाई? आक्का आल्या आणि पाय हलवून म्हणाल्या, "ऊठ, आंघोळ कर."

"संपलं की आता, आक्का."

"त्या तीन दिसाचं ऱ्हायलंय न्हवं?"

देवखोलीत समई लागली होती. चौरंगापुढे दोन पाट होते. आक्कांनी शेवटची भाकर तव्यावर टाकली, उलथनं दिरांच्या हातात दिलं, आत येऊन बसल्या आणि आतून कडी लावली. त्या सांगू लागल्या, मी लिहू लागले. पाठीवर पोर कशी गरम लागत होती, ओढ्याला पाणी किती होतं, डॉक्टरने पैसे घेतले नाहीत आणि गरम चहा दिला. बाहेर शेजारणीचा आवाज आला, काकी कुठं हायत म्हणून. दीर म्हणाले, "बसल्यात दोगी. दुपारनं ये."

थोड्या वेळाने भाकर करपल्याचा वास आला. मी उठायला लागले तशी आक्कांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

"करपू दे," त्या म्हणाल्या. "लिव."